वाचकांचे प्रश्न : चंपाषष्ठी, तळी-भंडार आणि खंडोबाचा कुळधर्म

मार्गशीर्ष तोंडावर आला की या सदराच्या टपालात खंडोबाची पत्रं वाढतात. बहुतेक पत्रांत एक वाक्य हमखास असतं : "सासूबाई सगळं करायच्या, आम्ही नुसतं बघितलं." बघितलेलं आठवतं, पण ते तसंच का करायचं हे कुणी सांगितलेलं नसतं. मग काही चुकलं की देव कोपेल, ही धास्ती मनात राहते. कुळधर्मातल्या गोष्टींची कारणं कळली तर ही धास्ती उरत नाही. म्हणून या वेळचं सदर पूर्णपणे खंडोबाचं.

प्रश्न : आमच्याकडे चंपाषष्ठीला तळी भरतात. सासरे गेल्यापासून घरात आम्ही दोघं आणि कॉलेजात जाणारी मुलगी. तळी उचलायला पाच पुरुष लागतात म्हणे. ते कुठून आणायचे? आणि ताम्हणात नेमकं काय ठेवायचं? (हडपसर, पुणे)

आधी ताम्हणाचं बघू. तांब्याचं किंवा पितळेचं, बारा इंचांच्या आसपासचं ताम्हण घ्या. याहून लहान घेतलं तर पाच जणांची बोटं काठाखाली मावत नाहीत आणि ते एका बाजूला कलतं. तळाशी मूठ-दोन मूठ तांदूळ पसरा. त्यावर विड्याची पाच पानं, देठ देवाकडे करून. प्रत्येक पानावर एक सुपारी आणि एक नाणं. मधोमध सुक्या खोबऱ्याची वाटी, भंडाऱ्याने म्हणजे हळदीच्या पुडीने काठोकाठ भरलेली, आणि त्यावर बेलाचं पान. तांदूळ शोभेसाठी नसतात. खोबऱ्याची वाटी बुडाला गोल असते, खाली टेकण नसलं की ताम्हण उचलताक्षणी ती घरंगळते आणि भंडारा सगळ्यांच्या मांडीवर येतो. काही घरांत मध्ये वाटीऐवजी कलश किंवा देवाचा टाक, म्हणजे पत्र्यावर उठवलेली मूर्ती, ठेवतात. तुमच्याकडे तसं असेल तर तसंच ठेवा.

खाली घोंगडी अंथरा. ती नसेल तर धाबळी किंवा धुतलेलं लोकरीचं आसन चालेल. खंडोबा हा धनगरांच्या वाड्यावर राहिलेला देव, त्याला घोंगडीचा मान आहे. उचलणाऱ्यांनी डोकं झाकून, ताम्हणाभोवती गुडघ्यांवर बसून, उजवा हात काठाखाली घालायचा. उभ्याने उचलू नका. उंचीत फरक असला की ताम्हण हमखास कलतं. एकाने "सदानंदाचा येळकोट" म्हणायचं, बाकीच्यांनी "येळकोट येळकोट जय मल्हार" म्हणत ताम्हण कपाळापर्यंत न्यायचं आणि खाली आणायचं. असं तीनदा. शेवटच्या वेळी ते टोपीवर किंवा उपरण्याच्या घडीवर टेकवतात. मग दिवटी पाजळून देवाला ओवाळायचं, दिवटी हातात घेऊन जेजुरीच्या दिशेने चार पावलं चालून परत यायचं. ही चार पावलं म्हणजे घरबसल्या केलेली जेजुरीची वारीच, ती गाळू नका. परत आल्यावर सगळ्यांच्या कपाळी भंडारा लावून खोबऱ्याचे तुकडे वाटायचे.

आता माणसांचा प्रश्न. संख्या विषम असावी, एवढंच बहुतेक घरांत पाळतात, म्हणजे तीन, पाच किंवा सात. तुम्ही तिघं आहात, तिघांनी उचला. पुरुषांनीच उचलायची हा रिवाज आहे, पण मुलीने हात लावला तर तळी बाटते असं सांगणारी कथा खंडोबाच्या परंपरेत आम्हाला कुठे आढळलेली नाही. ज्या देवाच्या घोड्यावर त्याच्यासोबत म्हाळसा बसते, त्याची तळी घरच्या मुलीने उचलण्यात गैर काय? आमचं मत स्पष्ट आहे : तिलाही टोपी किंवा पदर डोक्यावर घेऊन बसवा. पुढे ही तळी तीच भरणार आहे.

प्रश्न : गेल्या वर्षी भंडारा लावल्यावर नातवाच्या कपाळावर पुरळ उठलं. हळदीने असं होतं का? पैठणीवर पडलेले डागही गेले नाहीत. (नाशिक)

हळदीने क्वचित कुणाला त्रास होतो. देवळाबाहेर मिळणाऱ्या स्वस्त पिवळ्या पुडीने मात्र पुष्कळांना होतो, कारण तिच्यात हळद थोडी आणि रंग घातलेलं पीठ जास्त असू शकतं. घरीच पारखून घ्या. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन वरून चिमूटभर भंडारा सोडा आणि ढवळू नका. खरी हळद सावकाश तळाशी बसते, पाणी फिकट पिवळसर राहतं. रंग मिसळलेला असेल तर खाली उतरतानाच गडद पिवळ्या रेघा सुटतात आणि पाणी भडक होतं. दुसरी खूण आपल्या आज्यांना ठाऊक होती. तळहातावर भंडारा घेऊन त्यात पानाच्या डब्यातला ओला चुना बोटाने कालवा. हळद असेल तर कुंकवासारखी लाल होते, कुंकू करतात ते याच गुणावर. नुसतं रंगवलेलं पीठ पिवळंच राहतं. अर्धी हळद आणि अर्धं पीठ असलं तरी थोडी लाली येतेच, म्हणून दोन्ही चाचण्या करा.

सगळ्यात चांगलं म्हणजे सांगलीची किंवा वसमतची हळकुंडं आणून, दोन दिवस कडक उन्हात वाळवून दळून आणणं. पाव किलोत घरची तळी, सहा दिवसांची पूजा आणि आल्यागेल्याच्या कपाळाचा भंडारा आरामात होतो. उधळायचा असेल तर अर्थातच जास्त लागेल.

उधळण्याबद्दल एक कळकळीची सूचना. पेटत्या दिवटीजवळ, निरांजनाजवळ किंवा फटाक्याजवळ भंडारा कधीही उधळू नका. ढिगातली हळद सहज पेटत नाही, पण हवेत उडालेल्या बारीक पुडीच्या प्रत्येक कणाला चारी बाजूंनी हवा मिळते, आणि ज्योत लागली की सगळा ढग एकदम भडकतो. पिठाच्या गिरणीत आगी लागतात त्या याच कारणाने. आधी ओवाळून घ्या, दिवटी बाजूला न्या, मगच उधळा. डोळ्यांत गेला तर चोळू नका, साध्या पाण्याचे हबके मारा.

डागांचं असं : भंडारा पडला की कापड ओलं करू नका, कोरडंच झटका. निम्मा तिथेच जातो. सुती कपड्याला साबण लावल्यावर डाग लालभडक झाला तर घाबरू नका, साबणात खार असतो आणि चुन्याने जे होतं तेच इथे झालेलं असतं. धुऊन ओलंच उन्हात टाका. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, दोन-तीन वेळा वाळवलं की डाग पुसट होत जातो. पैठणीला मात्र साबण आणि ऊन दोन्ही नको. ती झटकून तशीच लॉन्ड्रीत द्या आणि डाग हळदीचा आहे हे सांगा. पुढच्या वर्षी तळीच्या वेळी सुती नेसा.

प्रश्न : खंडोबाला मटणाचा नैवेद्य चालतो का? आमच्या घरात यावरून दरवर्षी वाद. सासरचे दाखवतात, माहेरी नाव काढलेलं चालत नाही. (बारामती)

दोन्ही घरं आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि याचं उत्तर मणी-मल्लाच्या कथेत आहे. मल्हारी माहात्म्यात येतं ते थोडक्यात असं. मणिचूर्ण पर्वतावर तप करणाऱ्या ऋषींना मणी आणि मल्ल या दोन दैत्य भावांनी छळलं. ब्रह्मदेवाच्या वरामुळे त्यांना कुणी आवरू शकेना. ऋषी इंद्राकडे गेले, विष्णूकडे गेले, शेवटी शंकराकडे. शंकराने मार्तंडभैरवाचं रूप घेतलं आणि सात कोटी सैन्य घेऊन तो उतरला. हे युद्ध मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून षष्ठीपर्यंत चाललं, म्हणून आपलं सहा दिवसांचं षड्रात्र, आणि त्यातली षष्ठी ती चंपाषष्ठी. मणी आधी पडला. मरताना त्याला पश्चात्ताप झाला, त्याने आपला पांढरा घोडा देवाला दिला आणि तुझ्याजवळ मला जागा दे, बोकडाचा नैवेद्य मिळू दे, असं मागितलं. देवाने ते दिलं. मल्लाची वासना अखेरपर्यंत सुटली नाही. त्याचं शिर पायरीशी पडलं, लोकांचे पाय लागावेत म्हणून. मात्र मल्लाचा अरी म्हणून देवाला मल्हारी हे नाव मिळालं, ते त्याच्याचमुळे.

म्हणजे बोकडाचा मान मणीचा, खंडोबाचा नाही. म्हणून पुष्कळ घराण्यांत देव्हाऱ्यातल्या देवाला पुरणाचा किंवा भरीत-रोडग्याचा नैवेद्य होतो, आणि सामिष पान वेगळ्या चुलीवर, वेगळ्या दिवशी, देव्हाऱ्यापासून लांब होतं. तुमच्या सासरी जे चालतं ते ही शिस्त पाळून चालत असेल तर त्यात वावगं काही नाही. माहेरी नसेल चालत, तर तिथे ते सुरू करण्याचंही कारण नाही. वाद थांबवा.

प्रश्न : सहा दिवस नंदादीप ठेवतो, पण दरवर्षी तिसऱ्या-चौथ्या रात्री विझतो. अपशकुन समजायचा का? (सातारा)

दिवा विझण्याची कारणं तेल, वात आणि वारा, एवढीच. एका वातीचा दिवा तासाला साधारण ४ ते ५ मिलिलिटर तेल पितो. सहा दिवसांचे १४४ तास, म्हणजे पाऊण लिटरला खाली तेल नको. लहान समईत रात्री दहाला घातलेलं तेल पहाटे चारला तळाला जातं आणि तेव्हा घर झोपलेलं असतं. खोलगट लामणदिवा किंवा मोठ्या तोंडाची पणती घ्या, झोपताना काठोकाठ भरा.

दुसरं कारण वात. दोन दिवसांत तिच्या टोकाला काजळीचा कडक गोंडा धरतो, तेल वर चढत नाही आणि ज्योत बारीक होत जाते. हा गोंडा रोज चिमट्याने काढा. तिसऱ्या दिवशी वात बदलाच : नवी वात तेलात पूर्ण भिजवून जुनीच्या शेजारी ठेवा, जुनीवर पेटवा, नवी नीट धरली की जुनी काढा. ज्योत अखंड राहते. तेल तिळाचं चांगलं, शेंगदाण्याचं चालतं. तूप नको, मार्गशीर्षातल्या थंडीत ते गोठतं आणि वातीपर्यंत पोचत नाही. एवढं करूनही विझला तर हात जोडून पुन्हा लावा.

याच पत्रात विचारलंय की एखाद्या वर्षी पाचच दिवस का येतात. तिथीचा क्षय झाला की पाच, वृद्धी झाली की सात. देवापुढे बसवलेले घट षष्ठीलाच उठतात, दिवस मोजून नाही. माळा मात्र जितके दिवस तितक्या.

प्रश्न : रोडगा, भरीत आणि ठोंबरा, तिन्ही सहा माणसांसाठी प्रमाणासह सांगाल का? माझा बाजरीचा रोडगा थापतानाच फुटतो. (डोंबिवली)

आनंदाने. खंडोबाचा नैवेद्य आम्हाला फार आवडतो. एरवी नैवेद्यात वर्ज्य असलेले कांदा-लसूण इथे मानाने पानात येतात. चातुर्मासात सोडलेलं वांगं अनेक घरांत थेट या दिवशी तोंडात पडतं, म्हणून खेड्यांत चंपाषष्ठीला वांगेसट म्हणतात. खरिपाची बाजरी नुकतीच घरात आलेली असते, पातीचा कांदा आणि थंडीतली वांगी बाजारात असतात. शेतकऱ्याच्या घरात त्या महिन्यात जे ताजं असतं, ते देवाच्या पानात.

बाजरीच्या पिठात चिकटपणा नसतो, म्हणून ते गव्हासारखं ओढून धरत नाही. अर्धा किलो पीठ घ्या, आणि ते आठवड्याच्या आत दळलेलं असावं. बाजरीत तेलाचा अंश असतो, पीठ जुनं झालं की खवट आणि कडसर लागतं, आणि थापायलाही कुरकुरतं. परातीत चवीपुरतं मीठ घालून मध्ये आळं करा, उकळतं पाणी लागेल तसं ओता, अर्ध्या किलोला साडेतीनशे-चारशे मिलिलिटर जातं. उलथन्याने कालवून पाच मिनिटं झाका, मग हात ओला करून तळहाताच्या टाचेने जोर देऊन मळा. इथेच घाई होते. एकेका रोडग्याचा गोळा वेगळा काढून, तो लोण्यासारखा मऊ होईपर्यंत मळून लगेच थापायचा. सगळं पीठ एकदम मळून ठेवलं की शेवटचे गोळे वाळतात आणि कडा फुटतात. जाडी अर्धा इंच. तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजू भाजून शेवटी निखाऱ्यावर किंवा गॅसच्या जाळीवर कडा शेकायच्या. आच मोठी ठेवली तर वरून करपतो, आत कच्चा राहतो. मराठवाडा-विदर्भात रोडगा गव्हाच्या जाडसर कणकेचा, गोवऱ्यांच्या आरात भाजलेला असतो. तुमचं मूळ गाव तिकडचं असेल तर तो करा.

भरतासाठी दोन मोठी वांगी, मिळून एक किलो. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने हलकी लागतील अशी निवडा, जड वांग्यात बिया जून असतात आणि भरीत कडवट होतं. तेलाचा हात लावून, सुरीने चार ठिकाणी टोचून थेट आचेवर भाजा. टोचलं नाही तर आतली वाफ कोंडून वांगं फुटतं. देठाजवळ सुरी लोण्यासारखी गेली की झालं. झाकून दहा मिनिटं ठेवा, साल हाताने काढा, नळाखाली धरू नका, भाजल्याचा वास पाण्याबरोबर जातो. दोन मोठे चमचे शेंगदाण्याच्या तेलात ठेचलेल्या आठ-दहा लसूण पाकळ्या आणि चार-पाच हिरव्या मिरच्या, त्यावर बारीक चिरलेली कांद्याची पात एक जुडी, ती नुसती मरू द्या. मग वांगं. मीठ अगदी शेवटी, आधी घातलं की पाणी सुटतं.

ठोंबऱ्याला दोन वाट्या ज्वारी रात्रभर भिजत घाला. सकाळी उपसून, ओलसर असतानाच खलबत्त्यात हलके कांडा, वरचा कोंडा सुटतो. तो न काढता शिजवली तर दाणे घशाला टोचतात. पाखडून चौपट पाण्यात कुकरला सात-आठ शिट्ट्या. पूर्ण गार झाल्यावरच दोन वाट्या घट्ट दही आणि मीठ. गरम असताना दही घातलं की फाटतं आणि ठोंबरा चोथा-पाणी होतो.

प्रश्न : देव्हाऱ्यातला खंडोबाचा टाक पणजोबांच्या काळचा. दरवर्षी चिंच-रांगोळीने लख्ख करतो, पण आता देवाचा चेहराच दिसत नाही. नवा करावा का? (कोल्हापूर)

चेहरा गेला तो रांगोळीने. टाक म्हणजे तांब्यावर बसवलेला चांदीचा पातळ पत्रा, मागून ठोकून उठाव आणलेला. त्यावर घोडेस्वार देव, सोबत म्हाळसा, हातात खड्ग, घोड्याच्या पायाशी कुत्रा, वर चंद्र-सूर्य. भिंगातून पाहा : नाक, मुठीची बोटं आणि घोड्याचा कान हे सगळ्यात उंच भाग, आणि तेच आधी सपाट झालेले दिसतील. रांगोळी हा दगडाचा चुरा आहे. शंभर दसरे आणि शंभर चंपाषष्ठ्या तो घासला की केसाएवढा उठाव कुठून राहणार?

आजपासून रिठ्याच्या पाण्यात टाक बुडवून मऊ, जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने चोळा, सुती कापडाने टिपा. खोबणीतला काळेपणा काढायच्या मागे लागू नका, त्या सावलीमुळेच आकृती उठून दिसते. अॅल्युमिनियमची फॉइल, सोडा आणि उकळतं पाणी यांचा हल्ली बोलबाला आहे, पण जुन्या टाकांत मागून लाख भरलेली असू शकते, ती उकळत्या पाण्याने मऊ होऊन पत्रा सुटतो. दूध-दह्याचा अभिषेक सणालाच करा, नंतर कोमट पाण्याने खोबणी स्वच्छ करा. ठेवताना रबरबँड लावू नका, रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते. मलमलीत गुंडाळून डबीत ठेवा.

आकृती ओळखू येत असेल तर सोनाराकडे टाक उजळून घेता येतो : मागून पुन्हा ठोकून उठाव वर आणतात. देण्याआधी समोर वजन करून चिठ्ठीवर लिहून घ्या, टाकाचा दोन्ही बाजूंचा फोटो काढा. सपाटच झाला असेल तर नवा करा आणि जुन्याची चांदी त्याच नव्यात घालायला सांगा. मोडीत देऊ नका. पणजोबांनी हाताळलेली चांदी देव्हाऱ्यातच राहावी. नवा किंवा उजळलेला टाक पूजेत बसवण्याआधी जेजुरीला किंवा तुमच्या घराण्याच्या खंडोबाच्या ठाण्याला नेऊन देव भेटवून आणायची रीत आहे.

प्रश्न : आमची कुलदेवता गोव्यातली म्हार्दोळची म्हाळसा. खंडोबाची म्हाळसा ती हीच का? आम्हीही तळी भरायची का? (पणजी)

नाव एक, दैवतं वेगळी मानली जातात. म्हार्दोळची म्हाळसा नारायणी हे विष्णूचं मोहिनीरूप आहे, तिच्या गळ्यात यज्ञोपवीत असतं. तिचं मूळ स्थान वेर्णे, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या छळामुळे देवी म्हार्दोळला आणली गेली. खंडोबाची म्हाळसा पार्वतीचं रूप, नेवाशाच्या तिम्मशेट वाण्याची लेक. कऱ्हाडजवळच्या पालीला पौषात त्यांचं लग्न लागतं, आजही मोठी यात्रा भरते. खंडोबाची दुसरी राणी बाणाई ही चंदनपुरीची धनगरीण. जेजुरीला म्हाळसा वर देवासोबत, तर बाणाईचं देऊळ गडाच्या अर्ध्या वाटेवर. गडावर चढणाऱ्याला आधी बाणाई भेटते.

दोघींमधला एक धागा मात्र विचार करण्यासारखा आहे. ज्या नेवाशाची ही म्हाळसा, तिथलं मोठं दैवत मोहिनीराज, म्हणजे विष्णूची मोहिनीच. नावं आणि कथा वाटेत एकमेकींत मिसळल्या असाव्यात असं आम्हाला वाटतं. पण कुळधर्म ज्याचा त्याने करावा. तुमच्या घरात तळीची परंपरा नसेल तर ती नव्याने सुरू करू नका.

प्रश्न : मुलाच्या लग्नानंतर जागरण-गोंधळ घालायचा आहे. हे एकच की दोन? मुरळी बोलावणं योग्य आहे का? (अहिल्यानगर)

दोन. गोंधळ देवीचा, तो गोंधळी घालतात, वाद्य संबळ. जागरण खंडोबाचं, ते वाघ्या-मुरळी करतात, वाद्यं दिमडी, तुणतुणं आणि घोळ, म्हणजे हातातली घंटा. लग्नानंतर कुलस्वामी आणि कुलस्वामिनी दोघांचा मान एकाच रात्री केला जातो, म्हणून जोडनाव पडलं. पूजेचा चौक पाच उसांच्या खाली मांडतात. मांडव लहान असेल तर ऊस आधीच सहा फुटांवर तोडून बुंधे मातीच्या कुंड्यांत घट्ट रोवा, नुसते दोरीने बांधलेले ऊस रात्री कुणाचा धक्का लागला की चौकावर येतात. शेवटी वाघ्या लोखंडी साखळी तोडतो, तो लंगर. त्या वेळी मुलांना चांगलं आठ-दहा फूट मागे बसवा, कडी उडते.

आजच्या जागरणातली मुरळी ही गाणारी, नाचणारी कलावंत आहे, तिला मानधन आणि मान दोन्ही पूर्ण द्या. नवसापोटी मुलगी देवाला सोडण्याची जुनी प्रथा वेगळी, आणि ती गुन्हा आहे. १९३४ च्या मुंबई कायद्याने ती बंद झाली, २००५ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने पुन्हा ठामपणे. असा नवस कुणी बोललाच असेल तर तो फेडायचा नाही.

प्रश्न : 'येळकोट'चा अर्थ काय? (बेळगाव)

तुम्हाला तर हे कानडीतच ऐकू यायला हवं. कानडीत येळु म्हणजे सात, कोटी ती आपलीच. देवाच्या सात कोटी सैन्याचा तो जयघोष. देवच दोन भाषांचा आहे : तिकडे तो मैलार. हूविनहडगली तालुक्यातल्या मैलारला माघी पौर्णिमेच्या यात्रेत गोरवय्या, म्हणजे मैलाराचा भक्त, धनुष्यावर चढून कारणिक, म्हणजे येत्या वर्षाचं भाकीत सांगतो. "चांगभलं" मात्र जोतिबाचं. तळी उचलताना दोन्हींची सरमिसळ होते, ती टाळा.

प्रश्न : सोमवती अमावस्येला ऐंशी वर्षांच्या आईला आणि नव्या सुनेला जेजुरीला न्यायचं आहे. (ठाणे)

आईला सोमवतीला नेऊ नका. त्या दिवशी पालखी कऱ्हा नदीवर स्नानाला जाते, गर्दी अफाट असते आणि पायऱ्यांवर थांबायला जागा नसते. रविवार आणि पौर्णिमा सोडून एखादा मधला वार निवडा, सकाळी लवकर. चढवत नसेल तर पहिल्या पायरीला हळद-कुंकू वाहून, भंडारा लावून, तिथेच डोकं टेकवून वर बघून हात जोडायचे. असं दर्शन घेणारे पुष्कळ असतात. नव्या जोडप्याने पहिल्या पाच पायऱ्या नवऱ्याने नवरीला उचलून घेऊन चढायची चाल आहे. दगड भंडाऱ्याने निसरडे असतात, चपला आधी काढून अनवाणीच उचला, आणि शालू-उपरण्याची गाठ आधी खांद्यावर टाका, ती पायात येते.

प्रश्न : नैवेद्यातला पहिला घास कुत्र्याला द्यायचा असतो. गल्लीतली कुत्री भरताला तोंड लावत नाहीत. देवाने नैवेद्य नाकारला का? (सोलापूर)

कुत्रं देवाच्या शिकारीत आणि युद्धात सोबत होतं, म्हणून त्याचा मान. पण कांदा आणि लसूण कुत्र्याला बाधतात, रक्तातल्या तांबड्या पेशी त्यांनी फुटतात. भरीत त्याला देऊच नका. पानातला रोडगा वेगळा काढा, कोमट दुधात कुस्करा, मीठ-मिरची लागलेला भाग बाजूला करा आणि द्रोणात घालून घराबाहेर, रहदारीपासून लांब ठेवा. शेजारी पाण्याची वाटी. तुम्ही दोन पावलं मागे सरका, म्हणजे ते येईल.